नववी-दहावीच्या गणितासाठी ताईंची वैयक्तिक शिकवणी: पावणेदोन वर्षांचा अनुभव

आमच्या मुलाचं गणित नववीत पार कोलमडलं होतं आणि दहावीच्या बोर्डात त्याला गणितात १०० पैकी ७६ मिळाले. मधल्या काळात आम्ही काय केलं, किती पैसे गेले, काय आवडलं आणि काय नाही ते सगळं सविस्तर लिहितेय, कारण आम्ही शोधत होतो तेव्हा आम्हाला असं नीट सांगणारं कुणी भेटलं नाही. जे भेटले ते एकतर क्लासची जाहिरात करणारे, नाहीतर "पोरगं लक्षच देत नाही" म्हणून मोकळे होणारे.

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. मिस्टर अंबड एमआयडीसीत शिफ्टला जातात, मी घरून जेवणाचे डबे देते. मुलगा स्टेट बोर्ड, सेमी इंग्लिश, म्हणजे गणित आणि सायन्स इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. आठवीत त्याला एका मोठ्या क्लासला घातलं होतं, नाव घेत नाही, वर्षाची फी एकदम भरून घेतली होती. बॅचला साठ-सत्तर मुलं. शिकवणारे सर हुशार होते यात वादच नाही, फळ्यावर भराभर गणितं सोडवायचे, पण टेस्टचे मार्क सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचे आणि कमी मार्कवाल्यांना मागच्या बाकांवर बसवायचे. दोन-तीन महिन्यांत मुलगा नेमका क्लासच्या दिवशी पोट दुखतं म्हणायला लागला, डॉक्टरांना दाखवलं, सोनोग्राफी पण झाली, काहीच निघालं नाही. नववीच्या पहिल्या घटक चाचणीत २० पैकी ४ आले. मला त्या ४ पेक्षा त्याच्या बोलण्याची जास्त काळजी वाटत होती, "मी ढच आहे गं, मला गणित येणारच नाही" हे तो इतक्या शांतपणे सांगायचा की ऐकवत नव्हतं. रडला-चिडला असता तरी बरं वाटलं असतं मला.

ताई आमच्याच भागात राहतात, बीएस्सी गणित आणि बीएड झालेल्या, शिक्षक भरतीची वाट बघतायत आणि तोपर्यंत घरीच शिकवतात. एका वेळी एक मूल, फार तर दोन. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी एक तास. नववीला महिना २,५०० रुपये, दहावीला ३,००० केले. जुलै २०२३ मध्ये सुरू केलं.

पहिले काही दिवस त्यांनी नववीचं पुस्तक उघडलंच नाही, तेव्हा खरं सांगते मला टेन्शन आलं होतं, सहामाही तोंडावर आणि या पाचवी-सहावीच्या बेरजा-वजाबाक्या काय करतायत. मी डबे पोचवून येताना त्याला आणायला जायचे तर दारातूनच थोडं ऐकू यायचं. एकदा त्यांनी त्याला वजा ३ वजा ५ करायला दिलं. त्याने लिहिलं अधिक ८. त्या काहीच बोलल्या नाहीत, खोडलं पण नाही, फक्त विचारलं, "कसं केलंस सांग बरं?" तो म्हणाला, "मायनस मायनस प्लस होतं ना ताई." मग त्या म्हणाल्या, "बरं, किराणावाल्याकडे तुझी ३ रुपये उधारी आहे, अजून ५ ची उधारी केलीस. आता तुझ्याकडे ८ रुपये आले का?" तो लगेच "नाही, ८ द्यायचेत." "मग लिही की." त्याने लिहिलं वजा ८ आणि मग स्वतःच विचारलं, "मग मायनस मायनस प्लस कधी होतं?" ताई म्हणाल्या, "हा प्रश्न आज महत्त्वाचा," आणि राहिलेला सगळा वेळ त्यावरच घालवला, की तो नियम गुणाकाराचा आहे, बेरजेचा नाही.

आता बघा, हा नियम त्याने सातवीत पाठ केला असणार आणि तेव्हापासून सगळीकडे लावत होता. म्हणजे समीकरण असो, बहुपदी असो, पद्धत सगळी बरोबर लिहूनही उत्तर चुकणार, आणि मोठ्या बॅचमध्ये त्यावर फक्त फुली पडणार. पोराला काय वाटणार? आपल्याला काहीच येत नाही. प्रत्यक्षात त्याला बरंच येत होतं, अडत होतं ते तीन-चार ठिकाणी: चिन्हं, अपूर्णांक, बाराच्या पुढचे पाढे आणि इंग्रजीतली शाब्दिक गणितं. ताईंनी एका कागदावर हे चारच मुद्दे लिहून मला दाखवले आणि म्हणाल्या, "काकू, याला गणित येत नाही असं म्हणू नका, याला या चार गोष्टी येत नाहीत." माझ्या डोक्यावरचं अर्धं ओझं तिथेच उतरलं.

असं होतं कसं, मूल नववीपर्यंत येतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही? शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात आठवीपर्यंत नापास करायचं नव्हतं, त्यामागचा हेतू चांगलाच होता, मुलं शाळा सोडू नयेत म्हणून, पण मागे राहिलेल्या पोराला वर्गात वेगळा वेळ देऊन भरून काढणं अपेक्षित होतं ते बहुतेक ठिकाणी झालंच नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आपल्या राज्याने पाचवी आणि आठवीला परत परीक्षा आणली, पण आमच्या मुलाची दोन्ही वर्षं तोवर होऊन गेली होती. जानेवारी २०२४ मध्ये प्रथम संस्थेचा असर अहवाल आला, ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांचा, त्यात तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं फक्त ४३.३ टक्के मुलांना जमलं होतं. ताईंनी तो मुद्दाम मुलाला वाचायला दिला. त्याला पहिल्यांदा कळलं की आपण एकटे नाही.

सहामाहीला ४० पैकी १३ आले. म्हणजे तीन महिने पैसे भरून सुद्धा नापासच. इथे बरेच आईबाप शिकवणी बदलतात आणि आमच्या घरी पण यावर बोलणं झालंच, मिस्टर म्हणाले बंद करू आणि परत क्लास लावू. पण पेपर घरी आला तेव्हा ताईंनी मार्कांकडे न बघता एकेक गणित घेतलं आणि जिथे पहिल्यांदा गाडी रुळावरून उतरली त्या ओळीला पेन्सिलने गोल केला, तर दिसलं की चिन्हाच्या चुका जवळपास गेल्यात, आता चुकतंय ते अपूर्णांकात. आधी सगळाच अंधार होता, आता नेमकं काय चुकतंय ते त्यालाही सांगता येत होतं. थांबलो ते बरं झालं. ज्यांचं मूल आत्ता या टप्प्यावर आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं, पहिल्या दोन-तीन महिन्यांत मार्क बघू नका, चुका बदलतायत का ते बघा. तीच चूक परत परत होत असेल तर शिकवणीत काहीतरी कमी आहे, नवीन चूक होत असेल तर मूल पुढे सरकतंय.

शाब्दिक गणितांचं वेगळं सांगायला हवं, सेमीवाल्या सगळ्या पालकांना उपयोगी पडेल. त्याला समीकरण सोडवता यायला लागलं तरी गणित वाचून समीकरण मांडताच येत नव्हतं, कारण इंग्रजी वाक्यच कळत नव्हतं. ताईंनी ई-बालभारतीवरून मराठी माध्यमाचं गणिताचं पुस्तक डाऊनलोड करायला लावलं, फुकट आहे, पीडीएफ मिळते. दोन्ही पुस्तकं सारखीच, तोच सराव संच, तोच प्रश्न क्रमांक. आधी मराठीत वाचायचं, काय दिलंय काय विचारलंय ते स्वतःच्या शब्दात बोलून दाखवायचं, मग तेच इंग्रजीत वाचायचं. दोनेक महिन्यांत मराठी पुस्तकाची गरज कमी झाली. एवढी साधी गोष्ट शाळेतून कुणीच सुचवली नव्हती याचं मला अजून वाईट वाटतं.

आता कॉन्फिडन्सबद्दल, कारण मुळात मी लिहायला बसले ती त्यासाठीच. सगळे म्हणतात मुलाला प्रोत्साहन द्या, शाबासकी द्या. आम्ही देतच होतो, "तू हुशार आहेस, तुला जमेल", त्याचा त्याच्यावर काही परिणाम व्हायचा नाही, उलट त्याला ते खोटं वाटायचं. ताई "हुशार आहेस" असं कधीच म्हणाल्या नाहीत. त्या म्हणायच्या, "आज कंस सोडवताना दोन्ही पदांना गुणलंस, मागच्या वेळी एकाच पदाला गुणलं होतंस." म्हणजे कौतुक पण नेमक्या गोष्टीचं, त्याला स्वतःला वहीत दिसेल असं. दुसरं म्हणजे तो अडला की त्या गप्प बसायच्या. मी दारात उभी राहून बेचैन व्हायचे, सांगून टाका ना असं वाटायचं, पण त्या थांबायच्या, आणि तो हळूहळू काहीतरी करायचाच. अगदीच अडला तर पूर्ण पायरी न सांगता एखादा प्रश्न टाकायच्या.

आणि सगळ्यात मोठी सवय लावली ती उत्तर परत समीकरणात घालून बघायची. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आधी तो प्रत्येक गणित झालं की वर बघायचा, बरोबर आहे का ताई? त्या म्हणायच्या, मला काय विचारतोस, गणितालाच विचार. दहावीत क्वाड्रॅटिक इक्वेशन्सच्या धड्यात एक्स वर्ग अधिक ८ एक्स वजा ४८ बरोबर शून्य असं गणित होतं. याचं उत्तर आलं ४ आणि वजा १२. आमच्याकडे जे गाईड होतं त्यात छापलेलं १२ आणि वजा ४. वर्षापूर्वीचा माझा मुलगा असता तर त्याने मुकाट्याने स्वतःचं खोडून गाईडचं लिहिलं असतं. त्या दिवशी तो किचनमध्ये आला, मी पोळ्या करत होते, आणि वही माझ्यासमोर धरून म्हणाला, "आई, गाईड चुकलंय." मला त्यातलं काही कळत नाही तरी त्याने करून दाखवलं, ४ घातले की १६ अधिक ३२ वजा ४८ म्हणजे शून्य, आणि १२ घातले की १९२ येतात, शून्य येत नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत सरांना पण दाखवून आला. मार्क त्यानंतर बरेच वाढले, पण मला विचाराल तर मुलगा त्या दिवशी सावरला. छापलेलं चुकीचं असू शकतं आणि आपण काढलेलं बरोबर असू शकतं, आणि ते कुणालाही न विचारता तपासता येतं, हे त्याला कळलं होतं.

बोर्डाच्या तयारीत पण त्यांनी डोकं वापरलं. अल्जिब्रा ४० आणि जॉमेट्री ४० चे वेगळे पेपर, प्रत्येकी दोन तास, बाकी २० अंतर्गत. पेपरात कृती पूर्ण करा असे प्रश्न असतात, चौकटीत फक्त पुढची पायरी भरायची, दुसऱ्या प्रश्नात ४ मार्कांच्या आणि तिसऱ्यात ३ मार्कांच्या, म्हणजे एका पेपरात ७ मार्क. ताईंनी प्रत्येक धड्याची सुरुवातच कृतींपासून केली, कारण त्यात अर्धा रस्ता आखून दिलेला असतो आणि मूल पहिल्याच दिवशी काहीतरी बरोबर करून घरी जातं. मग तेच गणित चौकटी न देता. जॉमेट्रीत भौमितिक रचना आधी घेतल्या, त्याचा हात चांगला आहे, कंपास नीट चालतो, तिथे त्याला पहिल्यांदा पैकीच्या पैकी मिळाले. प्रमेयं शेवटी. पायऱ्यांना मार्क असतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याने प्रत्येक पायरी लिहायची सवय लागेपर्यंत त्यांनी पिच्छा सोडला नाही.

मार्क असे चढत गेले: नववी वार्षिकला ४० पैकी २१, दहावीच्या प्रीलिमला २७ आणि २९, आणि १३ मे २०२५ ला दुपारी एकला निकाल लागला तेव्हा ७६. यात अंतर्गतचे पण आले हे धरूनच वाचा. सायन्सचे पण वाढले, ते मात्र ताईंनी शिकवलंच नव्हतं, त्याचं तोच करायला लागला होता.

ताईंनी मला एकदा सांगितलं होतं की बीएडला असताना त्यांनी बेंजामिन ब्लूम यांचं १९८४ चं काम वाचलं होतं, एकेकट्याला शिकवलेलं मूल वर्गातल्या सरासरी मुलापेक्षा किती पुढे जातं यावर, त्या प्रयोगात सरासरी मूल वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे गेलं होतं. नंतरच्या अभ्यासांत इतका मोठा फरक दिसला नाही, पण फायदा दिसलाच. मला स्वतःला मुंबईचा बालसखीचा प्रकार जास्त पटला. प्रथमने वस्तीतल्याच मुलींना थोडं ट्रेनिंग देऊन तिसरी-चौथीतल्या मागे राहिलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं शिकवायला लावलं, पंधरा-वीस मुलांचा गट, मुलं जिथे आहेत तिथून सुरुवात. २००१ ते २००३ मध्ये मुंबई आणि वडोदऱ्यात त्याची नीट तपासणी झाली आणि मुलं खरंच पुढे गेली. तपासणी करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना २०१९ चं नोबेल मिळालं. म्हणजे फार मोठी डिग्री किंवा एसी क्लास लागतोच असं नाही, मूल कुठे अडलंय ते बघून तिथून हात धरणारं माणूस लागतं. ज्यांना वैयक्तिक शिकवणी परवडत नाही त्यांनी चार-पाच घरांनी मिळून अशी एखादी ताई शोधली तरी चालेल असं मला मनापासून वाटतं, फक्त मुलं साधारण एकाच ठिकाणी अडलेली हवीत.

आता जे आवडलं नाही ते. एक म्हणजे हे एका माणसावर अवलंबून असतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ताईंची टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा होती, त्याआधी त्यांनी सुट्टी घेतली, त्यांचंही करिअर आहे, समजतं, पण आमची दहावी होती आणि पर्यायी कुणी नव्हतं. दुसरं, फक्त गणित. इंग्रजीसाठी वेगळी सोय करावी लागली, म्हणजे अजून खर्च. तिसरं, सराव पेपरचा माहौल मिळत नाही, घरात शांतपणे सोडवणं आणि हॉलमध्ये घड्याळ लावून सोडवणं यात फरक आहे, प्रीलिमच्या आधी आम्ही त्याला एका ठिकाणी फक्त टेस्ट सिरीजला घातलं त्याचा उपयोग झाला. आणि वेग कमी असतो. ज्या मुलाचा पाया पक्का आहे आणि ९५ च्या वर न्यायचंय त्याच्यासाठी ही पद्धत कदाचित संथ वाटेल.

अजून एक. सगळ्याच मुलांचं असं सुटेल असं समजू नका. भरपूर महिने नीट शिकवूनही अंक उलटे लिहिणं, साधी बेरीज परत परत विसरणं चालूच असेल तर डिस्कॅल्क्युलियासारखं काही आहे का ते तज्ज्ञांकडून तपासून घ्या. सर्टिफिकेट असेल तर आपलं बोर्ड जादा वेळ वगैरे सवलती देतं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ताईंनी आमच्या मुलाबाबत पण सुरुवातीला ही शक्यता मनात ठेवली होती, नंतर त्यांनीच सांगितलं की तसं काही दिसत नाही.

शिकवणी शोधताना डिग्री आणि निकालाचे फोटो बघण्यापेक्षा दोन गोष्टी विचारा. पहिली, सुरुवात कुठून करणार? "चालू धड्यापासून" असं उत्तर आलं तर मागे पडलेल्या मुलाला फारसा उपयोग नाही. दुसरी, मुलाची जुनी उत्तरपत्रिका समोर ठेवा आणि यात काय चुकलंय ते सांगायला सांगा. जे चांगले असतात ते पाच मिनिटांत सांगतात, आणि सांगताना मुलाकडे बघून बोलतात, तुमच्याकडे नाही. एकदा मुलाला एकट्याला तासभर बसू द्या आणि नंतर त्याला विचारा परत जाशील का. आमचा पहिल्या दिवशी घरी आल्यावर म्हणाला होता, "त्या ओरडत नाहीत," बस्स, एवढंच.

मुलाने आता अकरावी सायन्सला गणित ठेवलंय, स्वतःहून. धाकटी सहावीत आहे, तिला अपूर्णांकातच अडतंय, म्हणून तिला आत्तापासूनच ताईंकडे घातलंय, आठवड्याला दोन दिवस, महिना १,५०० रुपये.